बायबल सांगायचं कुठून?



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपता संपता एका ताईंनी विचारलं, "लेक म्हणते, आई, बायबलात काय असतं? मला थोडंफार ठाऊक आहे, पण सांगायला सुरुवात कुठून करू?" आम्ही हसलो. पण हा प्रश्न मराठी मुलखात चारशे वर्षांपूर्वीही लोकांना पडला होता. आज त्याचीच गोष्ट सांगते.

बायबल म्हणजे एकच पुस्तक नव्हे. प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांच्या बायबलात ६६ लहानमोठी पुस्तकं आहेत. जुन्या करारात ३९, बहुतेक हिब्रू भाषेत लिहिलेली. नव्या करारात २७, ग्रीक भाषेतली. ही ग्रीक भाषा आपल्या जिल्ह्याला अगदीच परकी नाही बरं का! नवा करार लिहिला जात होता, त्याच शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात आपल्या तेरचं नाव 'तगर' म्हणून आलंय. इथलं कापड भडोच बंदराला जायचं, असं त्यात लिहिलंय.

तर ६६ पुस्तकं पुढ्यात असताना आधी कोणतं उघडायचं? गोव्यात फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. ऐकणाऱ्यांना पुराणाची सवय, म्हणून त्यांनी ओव्या रचल्या आणि जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. पुढे बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं. नव्या करारातलं ते पहिलंच पुस्तक. पण ते सुरू होतं लांबलचक वंशावळीनं. नव्यानं ऐकणारी बाई दहाव्या नावाला जांभई देईल!

आता पंडिता रमाबाईंकडे येऊ. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह गावोगाव फिरून पुराण सांगायचे. रमाबाईंना संस्कृत शिकवलं आईनं. दुष्काळात आईवडील गेले. कोलकात्यात विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. पण शास्त्रं वाचताना बाईला दिलेली जागा पाहून त्यांचं मन दुखावलं. लग्नानंतर घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८२ साली नवरा वारला, पदरात लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या.

तिथं लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनींनी चालवलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. ज्या बायकांना समाजानं वाईट ठरवून टाकलं होतं, त्यांची तिथं मायेनं देखभाल चालली होती. या बायकांसाठी एवढं का करता, असं रमाबाईंनी विचारलं. त्या भगिनीनं नियम सांगितले नाहीत की वंशावळ सांगितली नाही. तिनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढून एक गोष्ट वाचून दाखवली.

भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर पाण्याला येते. दमलेला येशू काठावर बसलाय. तो म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती चकित होते. कारण यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवत नसत. पाणवठ्यावरचा भेदभाव आपल्याला कोणी समजावून सांगायला नको! बोलता बोलता तिच्या आयुष्यातलं सगळं निघतं, तरी तो तिला हाकलत नाही. देवाची भक्ती कुठं करायची, असं ती विचारते, तर तो तिला नीट उत्तर देतो. शेवटी ती घागर तिथंच ठेवून गावात सांगत सुटते.

रमाबाईंच्या प्रश्नाला ही गोष्ट थेट भिडली. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण प्रश्न विचारणं सोडलं नाही, आपल्या इंग्रज गुरूंशीही त्या वाद घालत राहिल्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. तिथं मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातं, असा १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. सांगणं कुठं संपतं आणि ओढणं कुठं सुरू होतं, हा वाद तेव्हाचाच आहे.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली आल्या. तेव्हाचं मराठी बायबल त्यांना जड जायचं. मग संस्कृतच्या या पंडितेनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या मराठीत अख्ख्या बायबलाचं भाषांतर केलं. खिळे जुळवायला छापखान्यात तिथल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ साली निघालं.

तर ताई, लेकीला आधी विचारा, तुला काय जाणून घ्यायचंय? तिच्या प्रश्नाजवळची एक गोष्ट निवडा, घरातल्या बोलीत सांगा आणि थांबा. पटलं का, म्हणून मागे लागू नका. पुढचं ती स्वतः वाचेल. कुराण असो, गाथा असो, कोणताही ग्रंथ असाच सांगता येईल.

पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा: पहिली कोणती गोष्ट ऐकून तुम्हाला पुढचं ऐकावंसं वाटलं होतं?