जुन्या कॅमेऱ्याला पाडलेले एक छिद्र

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘ओरिजिनल’ या शब्दाला फार वजन असते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा रोलायफ्लेक्स कॅमेरा विकायला काढला, की गिऱ्हाईक आधी भिंगे पाहते, मग शटरचा आवाज ऐकते आणि पुढच्या बाजूला एक छोटेसे पितळी सॉकेट दिसले की भाव पाडते. म्हणते, “यात नंतर काम झालेलं आहे.” हे सॉकेट फ्लॅशची वायर खोचण्यासाठी असते. कारखान्यातून निघताना ते कॅमेऱ्याला नव्हते. पुढे कुणा कारागिराने छिद्र पाडून ते बसवले. माझा पेशा भाषा शिकवण्याचा. पण इतिहासाच्या दृष्टीने मला या कॅमेऱ्याचा सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. का, ते सांगते.

ज्यांनी हा कॅमेरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे. त्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरचे पाहण्यासाठी, खालचे फोटो घेण्यासाठी. फोटोग्राफर तो पोटाशी धरतो आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहतो. त्या काचेत डावे ते उजवे दिसते. एकशेवीस नंबरच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघतात. आपल्याकडच्या स्टुडिओंत आणि लग्नघरांत पुढे याच घडणीचा जपानी यशिका फार चालला, त्यामुळे पन्नाशीच्या वरच्या वाचकांना तो आठवत असेल.

रोलायफ्लेक्स १९२९ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून बाहेर पडला. गंमत अशी की त्याच वर्षी, त्याच देशात फ्लॅशचा बल्बही बाजारात आला. त्यापूर्वी मॅग्नेशियमची पूड पेटवत. भक्कन उजेड पडे, खोली धुराने भरे आणि कधी फोटोग्राफरचा हातही भाजे. बल्ब सुरक्षित होता, पण एकदाच चाले. एक फोटो, एक बल्ब. तरी कॅमेरा आणि बल्ब या दोघांची कारखान्यातच गाठ पडायला वीस वर्षे लागली. फ्लॅशचे सॉकेट घेऊनच जन्मलेला रोलायफ्लेक्स १९४९च्या सुमारास आला. तोवर फोटोग्राफर शटर उघडे ठेवत, बल्ब पेटवत आणि शटर मिटत. शटरच्या खटक्याला बाहेरून जोडायची साधनेही मिळत. आणि ज्याला हे नको असे, तो आपला कॅमेरा कारागिराच्या हाती देई.

हे काम वाटते तेवढे सोपे नव्हे. रबाळ्यात आमच्याच इमारतीत लग्नाचे फोटो काढण्यात उमर घातलेले एक चाचा राहतात. त्यांच्या उस्तादांचा युद्धापूर्वीचा रोलायफ्लेक्स त्यांच्याकडे आहे. त्याला असे बसवलेले सॉकेट आहे. ते कसे चालते हे त्यांनी मला कॅमेरा उघडून दाखवले. भिंगांच्या मधोमध शटरची पातळ पाती असतात. ती आधी चांदणीसारखी उघडतात, मग पूर्ण गोल होतात, मग मिटतात. कारागीर शटरच्या आत पितळेची एक बारीक पट्टी बसवतो. पाती पूर्ण उघडली की शटरचा फिरता भाग त्या पट्टीला टेकतो, विजेचा मार्ग पुरा होतो आणि फ्लॅश उडतो. ही पट्टी कॅमेऱ्याच्या धातूला कुठेही लागता कामा नये, म्हणून मध्ये न वाहणाऱ्या पदार्थाचा वॉशर घालतात. पट्टी केसभर पुढेमागे झाली, तर उजेड पडतो तेव्हा पाती अर्धीच उघडलेली असतात.

हे तपासण्याची चाचांची रीत साधी आहे. फिल्म काढायची, मागचे झाकण उघडायचे, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे रोखायचा आणि मागून भिंगात पाहत फ्लॅश उडवायचा. पूर्ण गोल दिसला तर काम बरोबर. चांदणी दिसली तर पट्टी पुन्हा वाकवायची. त्या सॉकेटची कडी एकदा झिजली, तेव्हा त्यांनी ती इथल्या एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर बनवून घेतली. म्हणजे जर्मनीत १९३०च्या दशकात घडलेल्या त्या कॅमेऱ्यात आज रबाळ्याचे पितळही आहे.

आणखी एक बारकावा. बल्ब बटण दाबताक्षणी पूर्ण पेटत नाही. त्याचा उजेड शिगेला पोहोचायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. विजेवर चालणारा फ्लॅश मात्र लगेच उडतो. म्हणून पुढच्या कॅमेऱ्यांवर ‘एम’ आणि ‘एक्स’ अशा दोन खुणा आल्या. पहिली बल्बसाठी, दुसरी विजेच्या फ्लॅशसाठी. कारागिराने बसवलेले सॉकेट बहुधा ‘एक्स’ जातीचे असे. त्यावर बल्ब लावायचा तर शटरचा वेग कमी ठेवावा लागे. जुन्या फ्लॅशमधून या सॉकेटवर शंभर-दोनशे व्होल्टही येत, त्यामुळे बोट लागले की झटका ठरलेला.

उजेडाची आणि शटरची वेळ जुळवणे किती कठीण होते याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढला. त्यांना तीनच बल्बची परवानगी मिळाली होती. पहिले दोन वाया गेले, तिसरा साधला. नामांकित अमेरिकन मासिकाच्या फोटोग्राफरची ही अवस्था, तर मुंबई-महाडच्या लग्नातल्या फोटोग्राफरचे काय होत असेल?

मुंबईत तेव्हा ‘फ्लॅश’ हा शब्दच नव्या जमान्याची खूण झाला होता. दामोदर कामत यांनी १९४०च्या दशकात सुरू केलेल्या आणि हिंदी सिनेमांच्या स्थिरचित्रांसाठी गाजलेल्या संस्थेचे नावच ‘कामत फोटो फ्लॅश’. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरत, आणि देशाच्या फाळणीपासून नेहरूंच्या काळापर्यंतचा इतिहास त्यांनी कॅमेऱ्यात धरला. पण सामान्य फोटोग्राफरला नवा कॅमेरा घेणे परवडत नव्हते. १९५७ नंतर परकीय चलनाची टंचाई झाली, आयात आवळली गेली आणि जुना कॅमेरा दुरुस्त करून चालवणे हाच मार्ग उरला. चोरबाजारातून कॅमेरा आणायचा आणि त्याला सॉकेट बसवून घ्यायचे. त्या कारागिरांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत.

मग या छिद्राने केले काय? ते कॅमेऱ्याला घरात घेऊन गेले. फ्लॅश नसताना फोटो अंगणात, ओट्यावर, नाहीतर स्टुडिओत जाऊन काढत. जी माणसे स्टुडिओत जात नसत, त्यांचे फोटो नाहीत. आमच्या घरांत तर तस्वीर जायज की नाजायज हा वादही होता. पुरुषांना हजच्या कागदांसाठी, नोकरीसाठी फोटो काढावाच लागे. बायका मात्र राहून जात. माझ्या नानीचा एकच फोटो आहे, तोही मामूंच्या निकाहच्या रात्री माजघरात काढलेला. ती भिंतीला टेकून बसली आहे आणि तिच्या डोक्यामागे भिंतीवर एक काळी, धारदार सावली आहे. सौंदर्याच्या हिशोबाने हा दोष. पण ती सावली सांगते की हा उजेड खिडकीचा नव्हे, फ्लॅशचा आहे. फ्लॅश नसता तर नानी कशी दिसायची हे माझ्या मुलांना ठाऊकच नसते.

उर्दूत फोटोग्राफीला ‘अक्कासी’ म्हणतात. ‘अक्स’ म्हणजे प्रतिबिंब. मराठीने ‘छाया’ धरली आणि ‘छायाचित्र’ केले. आणि या छिद्रामागच्या कामाला दोन्ही भाषांत एकच शब्द आहे, ‘दुरुस्ती’. तो फारसीतून आला, ‘कारागीर’ आणि ‘पेशा’सुद्धा तिथूनच. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, त्यात असे शब्द रांगेने उभे आहेत. आता यांना ‘नंतरचे काम’ म्हणून मराठीचा भाव कुणी पाडावा का? जी वस्तू वापरात राहते, तिच्यावर वापराच्या खुणा पडतात. कपाटात बंद राहिलेला कॅमेरा ‘ओरिजिनल’ राहतो, पण त्याने कुणाचे लग्न पाहिलेले नसते.

वाचकहो, घरातला जुना अल्बम काढून पाहा. फोटो चौकोनी आहे का? माणसांच्या मागे भिंतीवर धारदार सावली आहे का? डोळ्यांत एक पांढरा ठिपका चमकतो का? असेल तर तो फोटो बहुधा फ्लॅशवर काढलेला आहे. त्यात कोण आहे हे सांगणारे माणूस घरात असेल, तर आजच विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. फोटोग्राफरचे नाव कळले तर तेही लिहा.