बार्शीचा इंजिनियर आणि वैमानिकांची छत्री

कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ही रेल्वे १८९७ साली सुरू करणारा इंग्रज इंजिनियर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याचे नाव मला पुढे पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इतिहासात सापडले, तेव्हा मी चकितच झालो.

१९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स (मोटारीच्या नावातला रोल्स तो हाच) विमान कोसळून ठार झाला. तेव्हापासून कॅल्थ्रॉपला एकच ध्यास लागला, विमानातून माणूस जिवंत उतरला पाहिजे. त्याने हवाई छत्री सिद्ध केली व तिला ‘गार्डियन एंजल’ हे नाव दिले. १९१७ मध्ये तिच्या चाचण्याही झाल्या.

त्या वेळची लढाऊ विमाने म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर रोगण चढवलेले कापड आणि वैमानिकाला जवळजवळ खेटूनच पेट्रोलची टाकी. गोळी टाकीला लागली की सारे संपले. एकट्या एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समध्ये ब्रिटिशांची २४५ विमाने गेली. २११ वैमानिक व निरीक्षक मेले वा बेपत्ता झाले. मजूर चळवळीतून आलेला नामांकित वैमानिक मॅनॉक हा जळून मरण्यापेक्षा गोळी बरी म्हणून पिस्तूल जवळ बाळगी. २६ जुलै १९१८ रोजी त्याचे विमान पेटूनच पडले. त्याआधी चारच दिवस आपला बंगाली वैमानिक इंद्रलाल रॉय पडला होता. वय अवघे एकोणीस!

छत्री नव्हती असे नाही. दोराने बांधलेल्या फुग्यांतील निरीक्षकांना ती मिळे. शत्रूच्या मुलखात हेर उतरवतानाही ती वापरली गेली. विमानातल्या माणसाला तेवढी नाही! ती दिली तर वैमानिक विमान टाकून उड्या मारतील, अशी वरिष्ठांना धास्ती होती, असे सर्रास सांगतात. त्याला लेखी आधार मात्र कच्चा आहे. वजन वाढते, जागा अडते, वेग मंदावतो, ही कारणे खरी होती. पण यंत्राला जाळी बसवा म्हटले की “उत्पादन घटते” हे उत्तर मी कारखान्यांच्या फाटकांवर इतक्यांदा ऐकले आहे, की खऱ्या कारणांनीही माझे समाधान होत नाही. तेच वजन जर्मनांनी १९१८ मध्ये पत्करलेच ना? २९ जून रोजी त्यांच्या उदेतने पडत्या विमानातून उडी घेतली. पट्टा सुकाणूत अडकला, कसाबसा सुटला, छत्री जमिनीजवळ येता येता उघडली. गडी वाचला.

ब्रिटिशांचा हुकूम निघाला सप्टेंबर १९१८ मध्ये. छत्र्या आघाडीवरच्या तुकड्यांच्या हाती पडण्याआधीच, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबले.