गावाचा भोंगा आणि मुलांचा मोबाईल

गंगाखेडची ओळख साऱ्या महाराष्ट्राला संत जनाबाईंमुळे आहे. लहान वयातच आईवडिलांपासून दूर, पंढरपूरला दामाशेटींच्या घरी त्या कामाला राहिल्या. दळण, कांडण, शेणी वेचणे ही कामे त्यांच्या अभंगांत आहेत आणि त्या कामांमधले एकटेपणही आहे. 'किशोरवयीन मुलांचे भावनिक आरोग्य' हा शब्दप्रयोग आजचा असेल, पण घरापासून तुटलेल्या लेकराच्या मनाचा प्रश्न आपल्याकडे मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आहे. प्रत्येक पिढीत ते मन कुठे मोकळे होत होते, हे पाहिले तर आजची अडचण नीट कळते.

मराठी मुलखात शेकडो वर्षे ती जागा जाते ही होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, सासरचा जाच आहे, भावाची वाट पाहणे आहे. कोवळ्या वयात लग्न होऊन आलेली पोर जे सासूसमोर बोलू शकत नव्हती, ते पहाटे ओवीत बोलत होती. समोर खुंटा धरून बसलेली बाई ऐकत होती. दळण संपले की जाते थांबायचे. त्या पोरीला आणखी तासभर तिथेच बसवून ठेवण्यात कोणाचाही फायदा नव्हता. पुढे पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. मात्र जात्याबरोबर ऐकणारी बाईही समोरून उठून गेली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसरा इतिहास भीतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक शरीफ मुस्लिम घराण्यांत मुलीला कुरआन वाचायला शिकवत, पण लिहायला शिकवायला कचरत. लिहिता आले तर ती परक्याला चिठ्ठी लिहील, ही धास्ती. आपल्याकडच्या उच्चवर्णीय हिंदू घरांत शिकलेली मुलगी विधवा होते, असा समज होता. दोन्हीकडे बोलण्यात काळजी मुलीच्या भल्याची होती. प्रत्यक्षात तिचे मन घराबाहेर कोणापर्यंत पोहोचू नये, हा बंदोबस्त होता. मोबाईलबंदीची चर्चा निघाली की हा इतिहास आठवावा.

आता मोबाईलकडे येऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा एकदम स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि आम्ही शिक्षकांनीच पालकांना सांगितले की मुलांच्या हातात फोन द्या, अभ्यास त्यावर येईल. 'असर'च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात २०१८ साली शाळकरी मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. म्हणजे तीनच वर्षांत जवळजवळ दुप्पट. शाळा उघडल्या, फोन मात्र परत मागता आला नाही.

गंगाखेड तालुक्यात याला आणखी एक बाजू आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुले आजीआजोबांकडे राहतात. पाच-सहा महिने आईचा आवाज येतो तो फोनमधूनच. अशा मुलाला 'फोन वाईट' असे सांगणारा मोठा माणूस त्याला शहाणा वाटणार नाही.

मग वाईट काय आहे? फेसबुकने २००९ साली 'लाईक'चे बटण आणले आणि माणसाची आवडनिवड आकड्यात मोजली जाऊ लागली. जून २०२० अखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने रील्स सुरू केले. रील संपत नाही, एक गेले की दुसरे येतेच. पोरगे जितका वेळ बघत बसेल तितकी जाहिरात विकली जाते. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते असे सांगितल्याची नोंद त्यांत होती. सोशल मीडियामुळे मुलांचे मन किती बिघडते, यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण रात्री एकपर्यंत रील पाहणारे मूल सकाळी वर्गात कसे बसते, हे कोणत्याही शिक्षकाला माहीत आहे. जाते आणि मोबाईल यांतला फरक इथेच आहे. मोबाईलवर मन मोकळे करणाऱ्याला बसवून ठेवण्यातच कोणाचा तरी धंदा आहे.

यावर महाराष्ट्रातल्या दोन गावांनी २०२२ साली दोन वेगळे मार्ग काढले. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबरमध्ये ठराव केला की अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचा नाही, वापरल्यास दोनशे रुपये दंड. त्याआधी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या तीनेक हजार वस्तीच्या गावाने भोंगा बसवला. संध्याकाळी सात वाजता तो वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की मोकळीक. मधला दीड तास मुलांचा अभ्यास आणि मोठ्यांच्या गप्पा. आशा ताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक सुरुवातीला दारोदार फिरले. त्याच वर्षी राज्यात 'भोंगा' हा शब्द भांडणासाठी गाजत होता. वडगावने त्याचा चांगला उपयोग करून दाखवला.

दोन्ही गावांची कळकळ खरी आहे. तरी मला वडगावचा मार्ग बरा वाटतो. बान्सीचा ठराव मुलांना बांधतो. वडगावचा भोंगा बापाच्या हातातलाही फोन खाली ठेवायला लावतो. फक्त मुलांवर बंदी आली की फोन आधी मुलीच्या हातातून जातो, कारण मुळातच तो तिच्याकडे कमी असतो. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के होते. भावाने रात्रभर गेम खेळायचे आणि बहिणीचा मैत्रिणीशी बोलण्याचा अर्धा तास 'संस्कारा'च्या नावाखाली बंद करायचा, असे झाले तर ती चिठ्ठीचीच जुनी धास्ती झाली.

सगळ्यांनी एकाच वेळी पाळलेला संयम सोपा जातो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. रमजानमध्ये तेरा-चौदा वर्षांचे पोर दिवसभर पाण्याशिवाय राहते, ते एकट्याच्या निग्रहावर नव्हे. घरातले, मोहल्ल्यातले सगळे थांबलेले असतात आणि मगरिबला सगळे एकत्रच रोजा सोडतात. वडगावच्या भोंग्यात हेच सूत्र आहे. आपल्या मोहल्ल्यात मगरिब ते इशा हा वेळ असा ठेवता येईल. घरातल्या मोठ्यांचे फोन आधी कपाटात जातील, मग मुलांचे. जेवताना मूल काहीबाही सांगेल, ते उपदेश न करता ऐकायचे. जात्यासमोर बसलेली बाई एवढेच करत होती.

गंगाखेडात असे काही ठरवायचे झाले तर वेळ ठरवण्याआधी एक चौकशी करावी लागेल. फडावरून कोपीवर परतलेली आई लेकराला किती वाजता फोन करते, हे विचारावे लागेल. तो फोन येईल तेव्हा भोंगा वाजलेला असला तरी लेकराला बोलू द्यावे.