आईचा प्रश्न आणि प्रयोगशाळेचे उत्तर

इस्पितळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतात, नर्सबाई येतात, खाटांची रांग येते. पण त्याच इमारतीत, बहुधा मागच्या अंगाला, एक खोली असते. तिथे रोगी सहसा जात नाही. त्याचे रक्त जाते, लघवी जाते, बाटलीला चिकटवलेली चिठ्ठी जाते. हीच जीवरसायन प्रयोगशाळा. रक्तात साखर किती, युरिया किती, हे मोजायचे आणि आकड्यांचा कागद डॉक्टरांकडे पाठवायचा. कागद गेला की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. ते खरोखर संपते का? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरातल्या मुलांच्या इस्पितळात मिळते.

हे इस्पितळ 1862 साली निघाले ते गरिबांच्या आजारी मुलांसाठी, मोफत. 1948 पासून ते सरकारी आरोग्यसेवेत आले. तिथल्या जीवरसायन प्रयोगशाळेची जबाबदारी 1923 पासून डॉ. एव्हलिन हिकमन्स या बाईंकडे होती. मुलांचे रक्त काढावयाचे म्हणजे थेंबाथेंबाचा हिशेब. मोठ्या माणसाच्या रक्तावर चालणारी रीत तान्ह्या बाळाला चालत नाही. तेव्हा थोडक्या रक्तात नेमके मोजणे हा अशा प्रयोगशाळेचा पहिला धडा.

1951 साली होर्स्ट बिकेल नावाचे एक तरुण जर्मन डॉक्टर तिथे काम करीत होते. मंदबुद्धी मुलांच्या लघवीची तपासणी ते करीत. ओल्या टीपकागदावर शाईचा थेंब पडला की तिच्यातले रंग वेगवेगळे पसरतात, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. तशाच रीतीने कागदावर लघवीतली द्रव्ये वेगळी करून ते पाहात. या तपासणीत सुमारे दीड वर्षाची एक मुलगी सापडली. ती उभी राहात नसे, बसत नसे, सारखी रडे, डोके आपटून घेई. तिला फेनिलकीटोन्यूरिया नावाचा आजार होता.

हा आजार काही तेव्हा नवा नव्हता. नॉर्वेचे डॉ. आस्ब्यर्न फ्योलिंग यांनी तो 1934 सालीच ओळखला होता. तिथेही एक आईच कारण झाली. तिची दोन मुले मतिमंद होती, आणि त्यांच्या अंगाला कसला तरी विचित्र वास येई. हा वास कशाचा, असे ती डॉक्टरांना विचारीत फिरत होती. फ्योलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तो ती हिरवी झाली! त्या हिरव्या रंगाचा माग काढीत ते मूळ द्रव्यापर्यंत पोचले.

आता या आजाराचे वर्म समजून घेऊ. दूध, डाळ, अंडी, धान्य यांतल्या प्रथिनांत फेनिलॲलॅनिन नावाचे एक अमायनो आम्ल असते. आपले यकृत एका विकराच्या साहाय्याने त्याचे टायरोसिन या दुसऱ्या आम्लात रूपांतर करते. काही मुलांत हे विकर जन्मतःच काम करीत नाही. पाटाचे पुढचे दार बंद राहिले आणि मागून पाणी चालूच राहिले तर काय होते? पाणी तुंबते आणि वाफ्यातले रोप कुजते. इथे रोप म्हणजे वाढता मेंदू.

रोग ओळखला खरा, पण इलाज कोणापाशीच नव्हता. मुलीची आई मात्र ऐकेना. रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही आणि विचारी, माझ्या मुलीसाठी काही सापडले का? आम्ही निदान केले, आमचे काम झाले, असे तिला सांगता आले असते. ते कोणी सांगितले नाही.

लंडनचे रसायनज्ञ लुई वुल्फ यांनी एक वाट सुचविली. दुधातले प्रथिन फोडून त्याचे पाणी करावे आणि विशिष्ट कोळशातून गाळावे. कोळसा फेनिलॲलॅनिन धरून ठेवतो. असे अन्न बाजारात कुठले मिळणार! मग हिकमन्सबाई आणि बिकेल यांनी प्रयोगशाळेच्या शीतघरात, गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंडीत, ते स्वतः गाळावयास घेतले. कोळसा टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनही ओढून घेतो, म्हणून ती दोन्ही मोजून परत घालावी लागत. प्रयोगशाळेचे स्वयंपाकघर झाले ते असे.

पहिल्या प्रयत्नात चूक झाली. फेनिलॲलॅनिन अजिबात बंद केले, तेव्हा मुलीचे वजन उतरू लागले. कारण शरीर बांधावयास तेही थोडे लागतेच. मग दुधावाटे मोजून थोडे देण्यात आले. किती द्यावयाचे, हे रक्ताची तपासणी सांगे. म्हणजे इथे आकडा हेच औषधाचे माप होते. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, तिचे रडणे थांबले, केस काळसर झाले.

पण हा गुण आहाराचाच, कशावरून? ते पाहण्यासाठी तिच्या अन्नात आईला न सांगता फेनिलॲलॅनिन मिसळण्यात आले. तासाभरांत नव्हे, पण दिवसभरातच फरक उघड दिसला. दहा महिन्यांत कमावलेले बहुतेक सारे थोड्याच दिवसांत गेले. आहार पुन्हा सुरू केला, आणि पुढची परीक्षा आईबापांना विचारून इस्पितळात घेतली. आईपासून लपविण्याचा तो प्रकार आज कोणी मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

बिकेल, जॉन जेरार्ड आणि हिकमन्स यांनी ही हकीकत 1953 साली छापली. 1962 साली तिघांना अमेरिकेतले जॉन स्कॉट पदक मिळाले. मुलीचे मात्र व्हावयाचे ते नुकसान आधीच होऊन गेले होते. ते पुरते भरून आले नाही. हा इलाज जन्मल्यापासूनच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावा लागतो. म्हणूनच पुढे रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेचा रक्ताचा थेंब कागदावर घेऊन तपासण्याची रीत काढली. आपल्याकडे गोवा सरकारने 2008 साली नवजात बालकांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, गावात कोणी विचारले की बाळाची टाच कशाला टोचता, तर ही गोष्ट सांगा. आणि प्रयोगशाळेचा कारभार पाहणाऱ्यांनी ती मनाशी ठेवावी. त्यांच्या हातून जाणारा आकडा बिनचूक असला पाहिजे, हे तर खरेच. पण त्या आकड्यामागे कोणी तरी आई दाराशी उभी असते, तिचा प्रश्न ऐकून घेणे हेही त्यांच्याच कामात मोडते.