न घेतलेले वेतन

कचेरीतील जुलूम दर वेळी आवाज चढवूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो नियमाचा पोषाख करून, सहीशिक्क्यानिशी, अगदी शांतपणे येतो. आणि म्हणूनच तो ओळखणे कठीण जाते. जगदीशचंद्र बसू यांच्या नोकरीची पहिली तीन वर्षे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत.

केंब्रिज आणि लंडन येथील पदव्या संपादून आलेल्या बसूंची १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. लॉर्ड रिपन यांची शिफारस पाठीशी असूनही विद्याखात्याचे संचालक आल्फ्रेड क्रॉफ्ट आणि प्राचार्य टॉनी हे दोघेही या नेमणुकीस अनुकूल नव्हते. हिंदी माणसास विज्ञानाचे अध्यापन झेपणार नाही, असा त्या काळच्या अधिकारीवर्गाचा ग्रह होता. हिंदी प्राध्यापकास युरोपियनाच्या दोनतृतीयांश वेतन मिळे; त्यातच बसूंची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचेही निम्मे. पद तेच, विषय तोच, विद्यार्थी तेच. वेतन मात्र एकतृतीयांश!

अशा प्रसंगी माणसापुढे साधारणतः दोनच मार्ग दिसतात: मुकाट्याने सोसणे किंवा राजीनामा देणे. बसूंनी तिसरा मार्ग काढला. त्यांनी अध्यापन चालू ठेवले, पण वेतनास हात लावला नाही. काम सोडले असते, तर कर्तव्यच्युतीचा ठपका आला असता. पैसे स्वीकारले असते, तर कमी लायकीची कबुली दिल्यासारखे झाले असते. या नकाराने दोन्ही वाटा बंद केल्या.

त्याची किंमत लहान नव्हती. वडील भगवानचंद्र कर्जात बुडालेले. १८८७ साली अबलादेवींशी विवाह होऊन संसारही सुरू झालेला. तरीही तीन वर्षे हा निग्रह ढळला नाही. अखेर त्यांच्या अध्यापनाची योग्यता क्रॉफ्ट आणि टॉनी या दोघांनाही मान्य करावी लागली. नेमणूक कायम झाली आणि मागील तीन वर्षांचे पूर्ण वेतन एकरकमी हाती आले. ती रक्कम वडिलांचे कर्ज फेडण्याकडे गेली.

तथापि हा विजय एका व्यक्तीचा होता, हेही विसरता कामा नये. १८८९ साली प्रफुल्लचंद्र राय त्याच कॉलेजात आले, ते दरमहा २५० रुपयांवर. एडिंबरोची डॉक्टरेट मिळविलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने क्रॉफ्ट यांच्याकडे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा ही नोकरी पत्करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केलेली नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. जुलूम ओळखण्याची खूण याच उत्तरात आहे. न्याय मागणाऱ्यास जेथे दरवाजा दाखविला जातो, तेथे नियमाला देण्याजोगे दुसरे उत्तर उरलेले नसते.

एकट्याच्या निग्रहाने अन्याय उघडा पडतो. पण नियम बदलावयाचा, तर त्याच्यामागून येणाऱ्यांनीही तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागतो.