काळा घोडा परिसर : वास्तूंचा वारसा आणि वापराचा वारसा

प्रस्तावना

दक्षिण मुंबईतील फोर्ट विभागात महात्मा गांधी मार्ग आणि के. दुभाष मार्ग जेथे मिळतात, तो परिसर ‘काळा घोडा’ या नावाने प्रसिद्ध आहे. वस्तुसंग्रहालय, कलादालने, ग्रंथालय, महाविद्यालय, पुराभिलेखागार, ज्यूधर्मीयांचे प्रार्थनामंदिर, दुकाने आणि उपाहारगृहे अशा भिन्न प्रकृतीच्या संस्था येथे चालत काही मिनिटांच्या अंतरात एकवटल्या आहेत. मुंबईस येणारा अभ्यासू प्रवासी या भागास आवर्जून भेट देतो. त्याच्या नजरेत प्रथम भरतात त्या येथील दगडी इमारती; आणि या परिसराविषयीचे लेखनही बहुधा त्या इमारतींच्या शैलीभोवतीच फिरते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन काहीसे वेगळे आहे. या परिसराला कलाक्षेत्राचे रूप आले ते केवळ वास्तूंमुळे नव्हे, तर त्या वास्तूंच्या आत व आसपास चाललेल्या नित्याच्या वापरामुळे. वारसा-संरक्षणाच्या प्रचलित व्यवस्थेने वास्तूंना संरक्षण दिले. वापर मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला. या विसंगतीचा ऐतिहासिक क्रमाने विचार करणे हा येथील हेतू होय.

तटबंदीच्या जागेवर

मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत पाडण्यात आली. संरक्षणाच्या दृष्टीने तट निरुपयोगी झाला होता आणि कोटाच्या आतील वस्तीची दाटी असह्य झाली होती. तट गेला, तरी त्याची खूण नावात उरली. आजचा के. दुभाष मार्ग हा पूर्वीचा ‘रॅम्पार्ट रो’, म्हणजे तटालगतची ओळ. शेजारची ‘रोपवॉक लेन’ दोर वळण्याच्या व्यवसायाची आठवण देते.

मोकळ्या झालेल्या जमिनीवर नवे शहर उभे राहिले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाच्या व्यापाराने मुंबईत मोठा पैसा आला होता आणि नव्या शहरातील अनेक सार्वजनिक इमारतींना व्यापाऱ्यांच्या देणग्या लाभल्या. काळा घोडा भागातील डेव्हिड ससून ग्रंथालय हे याचे बोलके उदाहरण आहे. टांकसाळ व सरकारी गोदी येथील कारागिरांनी १८४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ स्थापन केली होती. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापारी घराण्याचे प्रमुख डेव्हिड ससून यांनी तिच्या इमारतीसाठी ६०,००० रुपयांची देणगी दिली आणि १८७० मध्ये ती पूर्ण झाली. याच घराण्यातील जेकब ससून यांनी १८८४ मध्ये जवळच केनेसेथ एलियाहू हे प्रार्थनामंदिर बांधले. ग्रंथालयालगतची एल्फिन्स्टन महाविद्यालयाची इमारत त्याच दशकातील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच महाविद्यालयातून १९१२ मध्ये बी.ए. झाले. राज्याच्या पुराभिलेखागाराचा संग्रहही याच इमारतीत असल्यामुळे इतिहास-संशोधकांच्या कित्येक पिढ्यांची पावले येथे वळली आहेत.

जवळच १८६७ ते १८६९ या काळात उभे राहिलेले वॉटसन हॉटेल हे बांधकाम-तंत्राच्या दृष्टीने वैशिष्ट्यपूर्ण होते. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणण्यात आला होता. दि. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ या विलायती भांडाराची इमारत १८९० च्या दशकात येथे आली. म्हणजे ग्रंथ, मनोरंजन आणि खरेदी यांचा संगम हा या परिसराचा आरंभापासूनचाच विशेष होता. फरक इतकाच, की त्यातील बराचसा भाग त्या वेळी युरोपीय आणि उच्चभ्रू वर्गापुरता मर्यादित होता.

पुतळा आणि नाव

प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवे एडवर्ड) यांनी १८७५ मध्ये मुंबईस भेट दिली. तिच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट ससून यांनी शहराला अश्वारूढ पुतळा अर्पण केला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम यांनी घडविलेल्या या पुतळ्याचे अनावरण १८७९ मध्ये झाले. पुतळा युवराजाचा होता. लोकांनी मात्र नाव दिले ते घोड्याचे. भायखळ्याच्या एका पुतळ्याला ‘खडा पारशी’ म्हणणाऱ्या शहराच्या बोलीला हे साजेसेच होते. राजसत्तेने उभारलेल्या प्रतीकाचा अर्थ सामान्य जन आपल्या परीने लावतात, याचा हा लहानसा पण बोलका पुरावा आहे.

१९६५ मध्ये हा पुतळा हलविण्यात आला. तो आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. वस्तू गेली, नाव राहिले. पुढे २०१७ मध्ये या भागात घोड्याचे नवे शिल्प बसविण्यात आले. त्यावर स्वार नाही. लोकभाषेने सव्वाशे वर्षांपूर्वी केलेल्या निवडीला त्यामुळे एक प्रकारे मान्यताच मिळाली. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की बावन्न वर्षे पुतळ्याविना हे नाव टिकले ते दैनंदिन वापराच्या बळावर.

दालने आणि कलावंत

बादशाही दिमाखाच्या या परिसराचे कलाक्षेत्रात रूपांतर होण्याची प्रक्रिया विसाव्या शतकातील आहे. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये बसविण्यात आली. वास्तुकार जॉर्ज विटेट यांची ही इमारत पहिल्या महायुद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये खुली झाली. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखले जाते. विटेट यांनीच आराखडा केलेल्या, १९११ मधील सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा सुरू झाली.

जिवंत कलावंतांची गरज मात्र निराळी होती. त्यांना हवी होती चित्रे मांडण्याची परवडणारी जागा. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना १९४७ मध्ये झाली. सूझा, रझा, हुसेन, आरा, ह. अं. गाडे आणि सदानंद बाकरे या सहा जणांच्या गटाचे मुंबईतील प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रो वरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून आणि दुर्गा बाजपेयी यांच्या आराखड्यानुसार जहांगीर कलादालन उभे राहिले. १९६३ मध्ये त्याच इमारतीत केमोल्ड हे खासगी कलादालन सुरू झाले. जहांगीर कलादालनात प्रवेशमूल्य नव्हते, ही बाब वरवर किरकोळ वाटते. परंतु कचेरीतून परतणारा कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी चित्रासमोर उभा राहू शकला तो त्यामुळेच. कलादालनाबाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्या कलावंतांनी हाच धागा रस्त्यापर्यंत नेला.

दुकाने आणि उपाहारगृहे

कलादालनांइतकेच महत्त्व ज्या ठिकाणांना होते, त्यांची नोंद वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही. १९४० च्या दशकात सुरू झालेले ‘ऱ्हिदम हाऊस’ हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. विकत घेण्यापूर्वी संगीत ऐकण्याची सोय तेथे असल्यामुळे खिशात पैसे नसलेल्या रसिकालाही ते एखाद्या विद्यालयासारखे उपयोगी पडे. १९४६ मध्ये सुरू झालेल्या ‘चेतना’ने ग्रंथविक्री, प्रकाशन आणि भोजन यांची सांगड घातली. निसर्गदत्त महाराजांच्या मराठीतील निरूपणांचा इंग्रजी अनुवाद चेतनानेच १९७३ मध्ये प्रकाशित केला. खेतवाडीतील एका घरातले मराठी बोल त्यातून जगभर पोहोचले. जहांगीर कलादालनाच्या इमारतीतील ‘समोवार’ या चिंचोळ्या उपाहारगृहात १९६४ पासून चित्रकार, पत्रकार आणि नाट्यकर्मी एका चहावर तासन्‌तास बसत.

‘वेसाइड इन’ची कथा साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. डॉ. आंबेडकर तेथे लेखन करीत, असे सांगितले जाते. पुढे अरुण कोलटकर तेथील नेमाचे गिऱ्हाईक झाले. खिडकीबाहेर दिसणारी वाहतूक बेटावरील माणसे, झाडूवाल्या बायका, भटकी कुत्री, पदपथावरचा इडलीचा नाश्ता यांतून त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहाची सामग्री आली. हा संग्रह २००४ मध्ये, कवीच्या निधनाच्या वर्षी प्रसिद्ध झाला. या परिसराचे श्रेष्ठ वाङ्मयीन चित्रण एका स्वस्त उपाहारगृहातील मेजावरून आणि रस्त्यावरच्या माणसांकडे पाहून घडले, ही गोष्ट प्रस्तुत प्रतिपादनाच्या दृष्टीने कळीची आहे.

संरक्षणाची मर्यादा

१९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. भारतातील या प्रकारची ही पहिलीच शहरव्यापी व्यवस्था होय. सहाशेहून अधिक नोंदींची प्रतवारी करून त्यांच्यातील फेरबदलांवर नियंत्रण आले. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशनची स्थापना झाली. १९९९ पासून तिचा कला महोत्सव भरू लागला आणि त्याच्या उत्पन्नातून येथील वास्तूंच्या दुरुस्तीस साहाय्य मिळाले. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलींतील ९४ इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे यश निर्विवाद आहे.

तथापि याच काळात दुसरी प्रक्रिया चालू होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेसाइड इन बंद झाले, २०१५ मध्ये समोवार आणि २०१६ मध्ये ऱ्हिदम हाऊस. या प्रत्येकामागची कारणे सारखी नव्हती. ध्वनिमुद्रिकांचा धंदा तर नव्या तंत्रज्ञानानेच मोडीत काढला. परंतु या तिन्ही प्रसंगी वारसा नियमावलीचा भंग झाला नाही, कारण दर्शनी भागाचा एक दगडही हलला नव्हता. नियमावलीच्या दृष्टीने पुस्तकांचे दुकान आणि उंची वस्त्रांचे दालन यांत भेद नाही.

येथे एक गुंतागुंत नमूद करणे आवश्यक आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे शहरात अल्प उत्पन्नाची दुकाने व उपाहारगृहे तगून राहिली. परंतु त्याच कायद्यामुळे मालकांना दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही. पुढे एस्प्लनेड मॅन्शन झालेल्या वॉटसन हॉटेलच्या इमारतीचा काही भाग २००५ मध्ये कोसळला. सारांश, जी व्यवस्था वापराला आधार देत होती ती वास्तूला पोखरीत होती आणि जी वास्तूला जपते ती वापराविषयी मौन बाळगते.

अन्यत्र या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. ब्वेनोस आयरेस शहराने १९९८ मध्ये आपल्या ऐतिहासिक उपाहारगृहांना मान्यता व साहाय्य देणारा कायदा केला. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये दीर्घकाळ चालत आलेल्या व्यवसायांची स्वतंत्र नोंदवही सुरू केली. हे उपाय मुंबईस जसेच्या तसे लागू पडतील असे नव्हे. परंतु वापर हाही वारसा मानता येतो, एवढे त्यांवरून सिद्ध होते.

समारोप

काळा घोडा परिसराच्या इतिहासात तट, पुतळा आणि सत्ता ही क्रमाने नाहीशी झाली. टिकले ते लोकांनी दिलेले नाव आणि लोकांनी घडविलेला वापर. आज नाव सुरक्षित आहे, इमारतीही बऱ्याच अंशी सुरक्षित आहेत. चहाच्या एका पेल्यावर दुपार काढण्याची मुभा मात्र आक्रसली आहे, आणि या परिसरातील बरीचशी कला व कविता जन्मली ती त्या मुभेतून. कायदा बदलण्यास वेळ लागेल. तोपर्यंत बंद झालेल्या व चालू असलेल्या अशा ठिकाणांची कागदपत्रे, छायाचित्रे आणि गिऱ्हाइकांच्या व कामगारांच्या आठवणी संकलित करणे महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज शक्य आहे. ती माणसे हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.