फ्रिजमधला फ्लू

मार्च 2005. कॅनडातील विनिपेग इथल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेकडे ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून एका रुग्णाचा नमुना आला. त्यात सापडला एच2एन2 जातीचा इन्फ्लुएन्झा विषाणू. 1957 मध्ये याच विषाणूची साथ जगभर पसरली होती आणि दहा लाखांहून अधिक माणसे दगावली होती. 1968 मध्ये एच3एन2 आला आणि हा माणसांतून नाहीसा झाला. मग 37 वर्षांनी तो उगवला कुठून?

रुग्णाला तो झालाच नव्हता. प्रयोगशाळांचीही परीक्षा घेतात. ‘ओळखा पाहू’ म्हणून त्यांना नमुन्यांचे संच पाठवतात. अशा एका संचातला विषाणू चुकून रुग्णाच्या नमुन्यात मिसळला होता. अमेरिकेतून 2004 च्या अखेरीपासून निघालेले हे संच 18 देशांतल्या साडेतीन हजारांहून अधिक प्रयोगशाळांत पोचले होते. एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते नष्ट करायला सांगितले. सुदैवाने कोणी आजारी पडल्याची नोंद नाही.

आपल्याला वाटेल, कोणीतरी नियम मोडला असणार. तसे नव्हते. अमेरिकेच्या तेव्हाच्या नियमांत एच2एन2 हा जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीवर होता. म्हणजे हातमोजे, अंगरखा आणि तुषार उडण्याजोगे काम असेल तर सुरक्षा-कपाट, एवढ्यावर भागत असे. तिसऱ्या पातळीवर मात्र खोलीतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे हवा आत शिरते, बाहेर पडत नाही. शिवाय दुहेरी दारे असतात. ही पातळी वाढवण्याचा विचार तेव्हा चालू होता, पण संच त्याआधीच रवाना झाले.

खरी गोम वेगळीच आहे. विषाणू होता तोच राहिला. बदलली ती माणसे. 1968 नंतर जन्मलेल्यांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडेच नव्हती.

याचा अनुभव जगाने एकदा घेतलाही होता. 1957 पासून गायब झालेला एच1एन1 हा 1977 मध्ये चीन आणि सोव्हिएत संघात अचानक पुन्हा दिसला. आजारी पडले ते बहुतेक पंचविशीच्या आतले. थोरांना तो ओळखीचा होता. 1978 मध्ये पीटर पालेसे आणि सहकाऱ्यांनी त्याच्या आरएनएची तुलना केली, तेव्हा तो 1950 च्या सुमाराच्या विषाणूशी कमालीचा जुळला. फ्लूचा विषाणू माणसांत फिरत राहिला की सतत बदलतो. इतकी वर्षे तो तसाच राहिला, याचा अर्थ तो कुठेतरी गोठलेला असणार. प्रयोगशाळेतून निसटला की लशीच्या चाचणीतून, हे सिद्ध झालेले नाही. आम्हाला लशीची शक्यता जास्त पटते, कारण एकाच वेळी अनेक ठिकाणी उद्भवलेल्या साथीचा उलगडा तिने बरा होतो.

2007 च्या अमेरिकी नियमावलीत 1957 ते 1968 चा एच2एन2 आणि 1918 च्या साथीचा पुन्हा घडवलेला विषाणू, दोन्हींसाठी तिसरी पातळी आणि श्वसनरक्षक साधने सांगितली गेली.

वर्गात हे शिकवताना मुलांना घरातल्या सर्वांची जन्मसाले फळ्यावर लिहायला सांगावी आणि 1968 वर एक आडवी रेघ ओढावी. रेघेवर किती जण उरतात, ते मुलेच मोजतील.